हिमनदीवरचं लाइन क्लिअर

फ्रीगंजचा पूल सोडला तर आमच्या गावात चढ म्हणावा असं काही नाही, आणि बर्फ म्हणाल तर तो उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. अशा उज्जैनमध्ये राहून मी बावीस वर्षं स्की करतो आहे. लोक विचारतात, हे काय खूळ? मला उत्तर देता येत नाही, आणि विचारणाऱ्याचा रागही येतो. ज्याच्या घरी बारा महिने दर्शनाला आलेले पाहुणे गाद्या अंथरून झोपलेले असतात, त्याला वर्षातून आठ दिवस तरी अशा जागी जावंसं वाटणारच, जिथे एकही पाहुणा पोचू शकत नाही. हे उत्तर मी एकदा देऊन बघितलं होतं, नेमकं पाहुण्यांसमोर. त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर आहे. वडीलही रेल्वेतच होते. जळगावकडून बदली होऊन इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. त्यामुळे माझी मराठी पुण्याच्या नातेवाइकांना हिंदी वाटते आणि माझी हिंदी इथल्या लोकांना मराठी वाटते. बत्तिसाव्या वर्षी ऑफिसात नोटीस लागली की साहसी शिबिरासाठी नावं द्या, हिमाचलात चौदा दिवस, जाण्यायेण्याचा पास मिळेल. आम्ही सहा जण गेलो. पाच जण गुडघे शेकत परतले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. मी मात्र तो रोग घेऊन आलो.

रोगाची घरची लक्षणं अशी. फेब्रुवारी लागला की मी रोज पहाटे आमच्या नानाखेड्याच्या बिल्डिंगचे पाच मजले स्कीचे बूट घालून चढतो आणि उतरतो. पाठीवर पाण्याने भरलेले दोन कॅन. स्कीचा बूट म्हणजे पायात घातलेली प्लॅस्टिकची बादली, तिचा आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातो. पहिल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "भाभीजी, भाईसाहब को घर में नहीं ले रहे क्या?" बायकोने सांगितलं, घेतो, पण पन्नास फेऱ्या झाल्यावर. तेव्हापासून त्या बाई माझ्याकडे फार सहानुभूतीने बघतात.

बायको गणिताची मास्तरीण आहे, मुलींच्या शाळेत. तिला बर्फाचं कौतुक नाही आणि भीतीही नाही. तिला फक्त बेहिशेबी गोष्टींचा तिटकारा आहे. मी ग्रुपबरोबर जात होतो तोवर ती काही बोलली नाही. पण ग्रुपमधले लोक हळूहळू म्हातारे झाले, किंवा आजोबा झाले, आणि गेल्या हिवाळ्यात मी जाहीर केलं की एका शिखरावर मी एक दिवस एकटाच जाणार. नाव सांगण्याइतकं ते शिखर प्रसिद्ध नाही. त्याच्या हिमनदीवरून मी आधी दोनदा गेलेलो होतो, माथ्यावर मात्र एकदाही नाही. दोन्ही वेळा कुणाचं तरी काहीतरी दुखलं आणि सगळे मागे फिरलो. एकदा माझंच दुखलं होतं, पण ते इथे महत्त्वाचं नाही.

हिमनदीवर एकट्याने जाऊ नये हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. शिबिरात नवख्या लोकांना मीही तेच बजावतो. बर्फाखाली भेगा असतात, पडलात तर दोर धरायला कुणी नाही. हे सगळं बायकोला माहीत होतं, कारण मीच कधीतरी फुशारकीने सांगितलेलं. तिने शांतपणे विचारलं की एकेरी लाइनवर गाडी सोडताना तुम्ही काय करता?

मी सांगितलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं. दोन स्टेशनांमध्ये एकच लाइन असेल तर पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. फोन करून लाइन क्लिअर मागायचं. पलीकडचा मास्तर आपली लाइन मोकळी आहे हे बघतो आणि एक दोन आकडी नंबर देतो. तो प्रायव्हेट नंबर. तो आपण परत म्हणून दाखवायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, आणि मगच गाडी हलते. नंबर नाही तर गाडी नाही, मग आत मंत्री बसलेला का असेना.

"मग तसंच करा," ती म्हणाली. "तुमच्या डोंगराचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याआधी मला फोन करायचा, काय दिसतंय ते सही सही सांगायचं, मी नंबर दिला तर पुढे. आणि एकदा जरी खोटं सांगून नंबर घेतलात, तर हे एकट्याने जाणं बंद. कायमचं. मग मला डोंगर-बिंगर काही सांगायचं नाही."

मी हसलो, पण तिने तोवर हाऊजी खेळायची, आकड्यांच्या सोंगट्यांची थैली काढली होती. आकडे मनाने ठरवले तर त्यात मनाचा कल येतो, म्हणून ती प्रत्येक वेळी थैलीत हात घालून सोंगटी काढणार आणि तोच नंबर देणार. गणिताच्या बाईशी लग्न केलं की असं होतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला निघालो. देवास गेटवरून स्टेशनपर्यंत रिक्षा केली तर रिक्षावाला माझ्या लांबलचक पिशवीकडे बघून म्हणाला, पलंग की पाटी है तो एक्स्ट्रा लगेगा. मी म्हटलं स्की आहे. तो म्हणाला, जो भी हो, बाहर निकल रही है. दोन दिवसांनी मी रस्त्याच्या कडेला, हिमनदीच्या पायथ्याशी लहानसा तंबू ठोकून बसलो होतो आणि उज्जैनमध्ये त्रेचाळीस डिग्री आहे हे मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघून खूष होत होतो. तिथून खोऱ्यातला टॉवर समोर दिसतो, त्यामुळे उघड्या जागांवर रेंज मिळते. हे मी आधीच तपासलेलं होतं, कारण रेंज नाही ही सबब घरी चालणार नव्हती.

रविवार होता. पहाटे पाचला, उजाडायच्या बेतात असताना, पहिला फोन केला. तीन तुकडे ठरले होते. तंबू ते मोठा खडक, खडक ते खिंड, आणि खिंड ते माथा. मी रिपोर्ट दिला की आकाश साफ आहे, बर्फ कडक आहे, वारा नाही. शिवाय डावा बूट टोचतो, चहाला गॅसचा वास येतो, झोप धड लागली नाही, आणि ही हातमोज्यांची नवी जोडी ज्याने बनवली त्याला बोटं किती असतात ते माहीत नसावं. ती म्हणाली, "एक सहा." मी म्हटलं, "एक सहा." वहीत पेन्सिलीने लिहिलं, वेळ टाकली आणि निघालो.

चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. त्या पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. पायाची टाच मोकळी असते, त्यामुळे माणूस चालल्यासारखा सरकत जातो. पट्ट्या बर्फावर सर्र सर्र वाजतात आणि बाकी काही वाजत नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचा दिवस फोनच्या घंट्या आणि हॉर्नमध्ये जातो, त्याला त्या आवाजाने काय होतं ते सांगता येत नाही. मी अगदी सुखात होतो. भेगा कुठे आहेत ते आठवत, कडेकडेने, काठीने पुढचा बर्फ टोचत गेलो. एका जागी काठी भसकन आत गेली. तिथून वीस पावलं मागे येऊन लांबचा वळसा घेतला, आणि त्या भेगेला मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत बोलून घेतलं.

साडेसातला खडकापाशी दुसरा फोन. डावा गुडघा कुरकुरतो आहे. एक पट्टी मागच्या टोकाला सुटू बघते आहे. नाक भाजलं. पाण्याची बाटली गळली आणि घरून आणलेली शेव ओली झाली. बायको म्हणाली, शेव ओली झाली ही खबर रजिस्टरमध्ये घ्यायची का? मी म्हटलं, मला वाटतं घ्यावी. बर्फाबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं की खालचा चांगला आहे, पण परवा वर नवीन पडलेला दिसतो आणि वाऱ्याने एका बाजूला साचलेला आहे.  थैलीत सोंगट्या खळखळल्याचा आवाज आला. "आठ शून्य. पण खिंडीत गेल्यावर त्या साचलेल्या बर्फाचं नीट बघा आणि मला सांगा."

खिंडीत पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. इथून माथा एवढ्यावर होता. दोनशे मीटरची एक उभी पांढरी भिंत, सावलीतली, वर निळं आकाश. एवढा सरळ, एवढा कोरा उतार मी आयुष्यात पाहिला नव्हता. पायाखाली अख्खं खोरं, आणि माझ्याशिवाय माणूस नाही. मी स्कीसकट चार पावलं त्या उताराच्या पायथ्याशी गेलो, नुसतं बघायला.

धप्प असा आवाज आला. वरच्या मजल्यावर कुणी गव्हाचं पोतं टाकावं तसा, जड आणि आतून आलेला. माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक रेघ निघाली आणि दहा-बारा फूट लांब पळाली.

याचा अर्थ मला बावीस वर्षं ठाऊक आहे. वरचा थर खालच्या थरावर नीट बसलेला नाही. असा उतार कधी कधी कुणी मध्यावर पोचेपर्यंत वाट बघतो आणि मग सगळाच्या सगळा निघतो. मी चार पावलं मागे आलो, सपाट जागेवर बसलो आणि स्वतःशी वकिली सुरू केली. आवाज आला तो पायथ्याला, वर बर्फ वेगळा असेल. डावीकडे दगड दिसतायत, त्यांच्या आधाराने गेलं तर. बावीस वर्षं. तिसरी खेप. पुढच्या वर्षी गुडघा असेल की नसेल. पाऊण तासाचा तर प्रश्न आहे.

फोन लावला. ती म्हणाली, बोला.

"खिंडीत पोचलो. सगळं व्यवस्थित आहे," मी म्हणालो.

"साचलेला बर्फ?"

"ठीक आहे. काही प्रॉब्लेम नाही."

"पक्कं ना?"

"पक्कं."

पलीकडे थैली उघडल्याचा आवाज आला. मग सोंगट्या वाजल्या. "चार सात," ती म्हणाली. मी "चार सात" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मी पट्ट्या काढल्या, स्की पाठपिशवीला बांधल्या, बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे बाहेर काढले. पहिला काटा बांधला. आणि सवयीने वही काढून नंबर लिहायला घेतला. वेळ लिहिली, चार लिहिला, सात लिहिला. नोकरीत हे मी इतक्या वेळा केलं आहे की हात आपोआप चालतो. नंबरापुढे शेरा लिहायची जागा असते. तिथे पेन्सिल थांबली.

गाडीचं काही बरंवाईट झालं की पहिलं काम असतं ते दोन्हीकडची रजिस्टरं ताब्यात घेणं. मग ज्याने नंबर दिला त्याला बोलावतात. तू दिलास का? हे तुझं अक्षर का? मी एकदा अशा चौकशीत साक्षीला बसलो होतो. मालगाडीचे दोन डबे घसरले होते, कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. समोरच्याने खोटी खबर देऊन नंबर घेतला, हे अर्ध्या तासात सिद्ध झालं आणि नंबर देणारा सुटला. तरी तो सुटलेला माणूस त्यानंतर कधी आमच्यात बसून डबा खाईना. मी दिला होता ना, एवढंच म्हणायचा.

उज्जैनमध्ये या क्षणी बायकोने वहीत चार आणि सात लिहिलं असेल, मास्तरणीच्या गोल अक्षरात. मी त्या भिंतीवरून गेलो असतो तर ती वही तिच्याजवळ राहिली असती. मी खोटं बोललो होतो हे तिला सांगायला कुणी उरलं नसतं. तिला जन्मभर वाटलं असतं की आपणच सोडलं.

मला एकदम फार भीती वाटली. डोंगराची नव्हे, ती तर आधीपासून होतीच. मी बांधलेला काटा सोडला. हातमोजा काढून फोन लावला आणि ती बोला म्हणायच्या आत सांगून टाकलं, "नंबर रद्द कर. मी खोटं बोललो. पायथ्यालाच धप्प आवाज आला होता. चीर पडलीय. मी वर जात नाही."

रद्द करायलाही नंबर लागतो, तो नियम आहे. तिने एका शब्दानेही काही विचारलं नाही. थैली वाजली. "शून्य पाच. रद्द. आता सांभाळून उतरा, आणि खाली पोचलात की फोन करा."

शून्य पाच, मी म्हटलं. 

उतरायचं मात्र सांगायला हवं, कारण त्यासाठीच माणूस एवढा चढतो. खिंडीच्या अलीकडच्या उतारावर ऊन आलं होतं आणि वरचा इंचभर बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा, दाणेदार झाला होता. पहिली दोन वळणं घाबरत घेतली. तिसऱ्या वळणाला पाय आपोआप सुटले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पाच तास चढलेलं पंचवीस मिनिटांत उतरायचं, यात शहाणपणाचं काही नाही, पण मी मोठमोठ्याने हसत होतो. चेहऱ्यावर वारा, कानात फक्त स्कीचा फरफर आवाज. एका जागी बघायला कुणी नसताना जरा जास्तच ऐट केली आणि तोंडावर आपटलो. गॉगलमध्ये, कॉलरमध्ये, तोंडात बर्फ. उठून झाडलं, आसपास बघितलं, कुणी नव्हतं याचं वाईट वाटलं.

पण खडकाच्या खाली उतार सौम्य झाला, वेग कमी झाला, आणि डोक्यात शर्त परत आली. खोटं सांगून नंबर घेतला तर कायमचं बंद. मी तर घेतला होता. रद्द केला हे खरं, पण आधी घेतला होता, आणि ती गणिताची बाई आहे, तिच्याकडे अर्धे मार्क नसतात. तंबूपर्यंतचा शेवटचा सपाट भाग मी काठ्या टेकत टेकत आलो. हे बूट, या पट्ट्या, पहाटेचे पाच मजले, सगळं संपलं असं धरूनच आलो. चोपन्नाव्या वर्षी माणसाला रडू येतं का? येतं. मी तंबूत बसून थोडा रडलो, मग ओली शेव खाल्ली, मग फोन केला.

"पोचलो. गाडी पूर्ण पोचली, सेक्शन मोकळं," मी म्हणालो.

"लिहिलं," ती म्हणाली.

मी वही मिटली. मग मीच विचारलं, मग आता बंद ना?

"काय बंद?"

"हेच. मी खोटं बोलून नंबर घेतला."

"हो. ते मला तेव्हाच कळलं होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, कसं कळलं? ती म्हणाली, पहाटे बूट टोचत होता, नंतर गुडघा कुरकुरत होता, नाक भाजलं होतं, शेव ओली झाली होती. आणि खिंडीत म्हणे सगळं व्यवस्थित. "अहो, तीस वर्षांत तुमचं एकदा तरी सगळं व्यवस्थित होतं का?"

"मग नंबर का दिलास?"

 मागे कुकरची शिट्टी झाली, ती तिने होऊ दिली.

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात खाली. पण मी अडवलं म्हणून. मग तो डोंगर जन्मभर आपल्या घरात राहिला असता. मला तसे नको होतात तुम्ही. स्वतः थांबायला पाहिजे होतं." मग म्हणाली, "काटे बांधायला तुम्हाला वीस मिनिटं लागतात, कुरकुर धरून. मी दहा मिनिटं ठरवली होती. घड्याळ समोर घेऊन बसले. दहा झाली असती तर मीच फोन करून नाही म्हणणार होते. तुमचा नवव्या मिनिटाला आला."

 ती म्हणाली, पुढच्या वर्षी बर्फ बसल्यावर जा, मे नको, आणि आता काहीतरी गरम करून खा. फोन ठेवला.

लाइन क्लिअर दिल्यावर मास्तर काय करतो ते मला नोकरीने शिकवलं आहे. काही करत नाही. दुसरं काम हातात घेतो आणि ते होत नाही. रजिस्टर बघतो, घड्याळ बघतो, रुळांकडे बघतो, आणि गाडीचा दिवा दिसेपर्यंत त्या माणसाशी कुणी बोललं तरी त्याला ऐकू येत नाही. माझ्या नऊ मिनिटांत मी तर बूट, काटे, पेन्सिल यांच्याशी झटत होतो. तिच्या हातात काहीच नव्हतं. समोर घड्याळ होतं आणि तिला ठाऊक होतं की मी खोटं बोललो आहे.

त्या दिवशी मी डोंगरावर एकटा होतो, असं मी अजून सगळ्यांना सांगतो. ती खोलीत असेल तर सांगत नाही.